नगरशाळांचा कारभार आणि पालकांचा अखत्यार

मुंबई महानगरपालिका आपल्या मुख्य अंदाजपत्रकाबरोबर शिक्षणाचे अंदाजपत्रक दरवर्षी स्वतंत्रपणे मांडते, आणि अलीकडच्या काळात त्याची रक्कम तीन हजार कोटी रुपयांच्या वर गेलेली आहे. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून या पालिकेच्या शाळा चालतात. त्यांच्या बाकांवर बसतात ती घरकाम करणाऱ्या बायांची, रिक्षाचालकांची, नाक्यावर उभे राहून रोजंदारी मिळविणाऱ्या मजुरांची, फेरीवाल्यांची आणि सफाई कामगारांची मुले. ज्या कुटुंबाची ऐपत किंचित वाढते, ते कुटुंब मुलाचा दाखला काढून त्याला एखाद्या खाजगी इंग्रजी शाळेत घालते, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. परंतु यातून जी परिस्थिती निर्माण झाली आहे तिचा विचार आपण पुरेशा गांभीर्याने केलेला नाही. ती अशी की, ज्या नगरसेवकांनी या खर्चाला मंजुरी द्यायची, ज्या अधिकाऱ्यांनी तो करावयाचा, ज्या वृत्तपत्रांनी त्याची चिकित्सा करावयाची आणि ज्या सुशिक्षित नागरिकांनी त्याविषयी लोकमत घडवावयाचे, त्यांपैकी क्वचितच कोणाचे मूल त्या शाळेत शिकत असते. आणि ज्यांची मुले तेथे शिकतात, त्यांना त्या खर्चाविषयी कोणी विचारीत नाही.

शहरातील सार्वजनिक शाळांत समता आणावयाची असेल तर केवळ अधिक पैसा, अधिक संगणक आणि अधिक प्रशिक्षणे पुरेशी नाहीत. शाळेचा कारभार कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. शंभराहून अधिक वर्षे तो आपल्या सार्वजनिक जीवनात वावरतो आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी सर्वांना आठवते. पण त्यातील कारभारविषयक भागाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, मात्र त्या शाळांची व्यवस्था सर्वस्वी नगरपालिकांच्या स्वाधीन करू नये, तिच्यावर शिक्षण खात्याची देखरेख राहावी, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले होते. स्थानिक निधीच्या समित्यांवर पाटील, इनामदार आणि सरदार यांचा भरणा असल्यामुळे त्या पैशाचा विवेकपूर्ण विनियोग त्यांच्या हातून होणार नाही, अशीही त्यांची तक्रार होती. स्थानिक सत्ता ही आपोआप लोकांची सत्ता नसते, गावातील किंवा नगरातील वजनदार माणसांची ती असू शकते, हे फुल्यांनी त्या काळात ओळखले होते. स्थानिक स्वराज्याचा गौरव करणाऱ्या आपल्या विचारवंतांनी या निरीक्षणाची पुरेशी दखल घेतली असती, तर पुढील कितीतरी गोष्टी टळल्या असत्या, असे माझे मत आहे.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात मांडलेल्या विधेयकाचा भरवसा स्थानिक संस्थांवरच होता; आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा त्यांना असावी, एवढीच त्यातील माफक मागणी होती, आणि तीही पुढील वर्षी फेटाळली गेली. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना तो अधिकार मिळाला. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना १९२३ सालच्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे सोपविण्यात आला, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, बाळासाहेब खेर यांच्या कारकिर्दीत, ‘मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७’ याने त्या रचनेला पक्के स्वरूप दिले. पुणे, सोलापूर, कोल्हापूर अशा शहरांतील माणसे ज्याला नुसते ‘मंडळ’ म्हणत आली, ते नगरपालिकेचे शिक्षण मंडळ या परंपरेतील होय. मुंबईचा मामला वेगळा; तेथे १९२० सालचा स्वतंत्र कायदा, आणि पालिकेचीच एक वैधानिक शिक्षण समिती.

मंडळाच्या रचनेमागील विचार सदोष नव्हता. सभासदांची निवड नगरसेवकांनी करावयाची, त्यांत शिक्षणाचा अनुभव असलेल्या व्यक्तींना वाव ठेवावयाचा, आणि दैनंदिन प्रशासन राज्य शासनाने नेमलेल्या प्रशासन अधिकाऱ्याकडे द्यावयाचे. म्हणजे लोकनियंत्रण आणि खात्याची देखरेख या दोहोंचा मेळ घालावयाचा, अशी ती योजना होती. प्रत्यक्षात काय झाले ते प्रत्येक शहराने पाहिले आहे. नगरसेवकपदाची उमेदवारी ज्यांना देता आली नाही, त्या कार्यकर्त्यांची समजूत घालण्याची जागा म्हणून राजकीय पक्ष मंडळाकडे पाहू लागले. सभासदत्वाचे आकर्षण अभ्यासक्रमात किंवा वाचनालयात नव्हते, ते बदल्यांत आणि खरेदीत होते. गणवेश, बूट, दप्तरे, वह्या, स्वेटर यांच्या निविदांवर सभाच्या सभा खर्च होत, त्यांवर वाद होत, चौकशा लागत, ठराव तहकूब होत, आणि जून महिन्यात मिळावयाचा गणवेश मुलांच्या अंगावर चढेपर्यंत कित्येकदा दिवाळी उलटून जाई. शिक्षकांच्या बदल्यांत जे घडे ते यापेक्षाही वाईट, कारण त्याचा परिणाम एका वर्षात संपत नसे: वजन असलेला शिक्षक मध्यवस्तीतील सोयीच्या शाळेत राही, आणि शहराच्या कडेच्या वस्तीतील, नव्याने आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांची शाळा अपुऱ्या शिक्षकांवर चाले.

२०१३ साली राज्य शासनाने ही मंडळे बरखास्त करण्याचे ठरविले. शिक्षणहक्क कायदा आल्यामुळे १९४७ च्या अधिनियमाची गरज उरली नाही, असे त्याचे कारण देण्यात आले. जी मंडळे अस्तित्वात होती त्यांना मुदत पुरी करू देण्यात आली, आणि पुण्यासारख्या शहरांत २०१७ मध्ये मंडळाचे दप्तर महापालिका प्रशासनाच्या शिक्षण विभागाकडे वर्ग झाले. मंडळ गेले याचे दुःख झालेला माणूस शोधून सापडला नसता. पण एक प्रश्न त्या वेळी विचारावयास हवा होता, तो विचारला गेला नाही: मंडळ भ्रष्ट होते म्हणून ते काढले, हे ठीक; त्याच्या जागी लोकनियंत्रणाची दुसरी कोणती व्यवस्था आणली? काही पालिकांनी नंतर नगरसेवकांच्या शिक्षण समित्या नेमल्या, काहींनी त्याही नेमल्या नाहीत. आणि २०२२ च्या मार्च महिन्यात मुंबई, पुणे आणि इतर महानगरपालिकांच्या मुदती संपून कारभार प्रशासकांच्या हाती गेला, तेव्हा तर उरलीसुरली समितीही नाहीशी झाली. आयुक्त हेच प्रशासक. त्यांच्या हाताखालील अधिकाऱ्यांनी शिक्षणाचे अंदाजपत्रक त्यांच्यापुढे मांडावयाचे आणि त्यांनीच ते संमत करावयाचे, असा शिरस्ता तीन वर्षांहून अधिक काळ चालला. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. या काळात कोणत्या शाळा एकत्र करावयाच्या आणि कोणत्या इमारतीची दुरुस्ती आधी करावयाची, याचे निर्णय होतच होते. फक्त त्यांबद्दल जाब विचारण्याचे स्थान शिल्लक नव्हते.

या दुरवस्थेचे मूळ संविधानाच्या दोन परिशिष्टांपर्यंत जाते. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची जोडली, तिच्यात प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय नाव घेऊन नोंदविलेला आहे. तिच्याच बरोबरीने आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची जोडली. तिच्यात शाळा हा शब्द नाही, सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन एवढाच मोघम उल्लेख आहे. महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या कायद्यांत प्राथमिक शाळा चालविणे हे अनिवार्य कर्तव्य म्हणून जुन्या काळापासून नमूद आहे, म्हणून आपल्याकडे शाळा टिकल्या. परंतु ग्रामीण भागात जिल्हा परिषदेची शिक्षण समिती, पंचायत समिती, ग्रामपंचायत आणि ग्रामसभा अशी जी साखळी निदान कागदावर आहे, तिच्या तोडीचे शहरात काहीही नाही. खेड्यातील शिक्षक आठवडाभर आला नाही तर सरपंचाला त्याची वार्ता लागते. शहरातील वस्तीत असे झाले तर आईने कोणाकडे जावे? मुख्याध्यापक विभाग कार्यालयाकडे बोट दाखवितो, विभाग कार्यालय मुख्यालयाकडे आणि मुख्यालय मंत्रालयाकडे.

आता विषमता प्रत्यक्षात कशी उत्पन्न होते, ते पाहू. शिक्षकांची पदे संचमान्यतेने ठरतात आणि संचमान्यता पटसंख्येने. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार असे हे कोष्टक आहे. कोष्टक सर्वांना सारखे, म्हणून ते न्याय्य वाटते. पण एखाद्या पाडकामामुळे किंवा पुनर्वसनामुळे एका वस्तीतील शंभर घरे उठून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, असे धरा. जुन्या शाळेचा पट घसरतो. शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचे समायोजन अन्यत्र होते. उरलेल्या शिक्षकाला दोन इयत्ता एका खोलीत बसवाव्या लागतात. ते पाहून आणखी चार पालक मुले काढतात. पट पुन्हा घसरतो. आणि शेवटी शाळा ‘कमी पटाची’ म्हणून दुसऱ्या शाळेत विलीन करण्याचा प्रस्ताव येतो. तिकडे नव्या वस्तीत मुले आली, पण तेथील पदांना मंजुरी मिळून शिक्षक रुजू होईपर्यंत एक पिढी इयत्ता ओलांडून जाते. या साखळीत कोणी दुष्ट नसतो, प्रत्येक कारकुनाने आपला तक्ता नियमाप्रमाणे भरलेला असतो, आणि तरीही सर्वांत दुर्बल मुलांच्या वाट्याला सर्वांत कमी शिक्षक येतात. मुंबई, ठाणे आणि पुणे येथील मराठी माध्यमाच्या पालिकाशाळांनी गेल्या काही दशकांत हेच भोगले आहे.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे. नकाशावर हे अंतर बरोबर भरते. पण त्या एका किलोमीटरमध्ये लोहमार्ग असतो, द्रुतगती रस्ता असतो, उघडा नाला असतो. सात वर्षांच्या मुलीला एकटीने तो पार करता येत नाही आणि तिची आई सकाळी सहाला कामावर गेलेली असते. हे ज्ञान मुख्यालयातील कोणत्याही दप्तरात नाही, त्या आईपाशी आहे. शाळा बंद करण्याचा निर्णय घेणाऱ्या सभेत मात्र तिला जागा नाही.

तिला एक जागा कायद्याने दिली आहे, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याचे २१ वे कलम प्रत्येक शासकीय व पालिका शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी असे म्हणते. तिच्यातील ७५ टक्के सभासद आईबाप किंवा पालक असावेत, दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळावे, आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कामे. फुल्यांनी ज्या पाटील-इनामदारांच्या समितीचे भय व्यक्त केले होते, तिच्या नेमकी उलट अशी ही रचना आहे, आणि तिच्या कर्त्यांचे त्याबद्दल ऋण मानावे तेवढे थोडेच.

पण समितीची सभा प्रत्यक्ष कशी भरते ते पाहावे. सभा कामाच्या वारी, सकाळी अकरा वाजता. ज्या तीन-चार बाया आलेल्या असतात त्यांनी एका घरचे काम टाकलेले असते, आणि तो खाडा त्यांच्या पगारातून वजा होणार असतो. त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत, भिंतीला टेकलेल्या बाकावर, पदर सावरून बसतात. इतिवृत्ताची वही टेबलावर उघडी असते आणि तिच्यात विषयपत्रिका, सूचक, अनुमोदक आणि ‘ठराव सर्वानुमते संमत’ ही ओळ आधीच लिहिलेली असते. मुख्याध्यापक वाईट माणूस नसतो. त्याला दुपारपर्यंत पोषण आहाराची माहिती भरावयाची असते, दोन शिक्षक मतदारयाद्यांच्या कामावर गेलेले असतात आणि एका वर्गावर कोणीच नसते. तो म्हणतो, ‘‘ताई, इथे सही करा.’’ ती सही करते. पेन हातात धरल्यावर क्षणभर थांबून, अक्षर लावीत, पूर्ण नाव लिहिते. मग उठता उठता विचारते, ‘‘सर, मुलींच्या संडासाला कडी कधी बसणार?’’ मुख्याध्यापक सांगतो की पत्र दिले आहे. तो खोटे बोलत नाही. कडी बसविण्याचा अधिकार ना समितीला, ना त्याला. इमारतीची देखभाल दुसऱ्या खात्याकडे असते. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला मिळणारे एकत्रित अनुदान हजारावर पट असलेल्या शाळेलाही वर्षाला १ लाख रुपये, लहान शाळेला त्याच्या काही अंशानेच. त्यातच खडू, वीज, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता. अंदाजपत्रकातील उरलेली सगळी रक्कम कोणत्या शाळेसाठी किती, हे त्या बाईला कळण्याचा मार्ग नाही, कारण ती रक्कम लेखाशीर्षांप्रमाणे मांडलेली असते, शाळांप्रमाणे नव्हे.

कर्तव्ये पालकांच्या समितीकडे आणि अखत्यार दूरच्या कार्यालयाकडे, अशी ही विभागणी आहे. ती मोडल्याखेरीज मंडळ निवडलेले असावे की नेमलेले, या वादाला फारसा अर्थ राहत नाही. याचा पडताळा पाहावयाचा असेल तर अमेरिकेतील शिकागो नगराचा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे, कारण कारभाराचा असा एकही प्रकार नसेल जो त्या नगराने आपल्या शाळांवर करून पाहिलेला नाही.

१९८७ साली अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांनी शिकागोच्या सार्वजनिक शाळा देशातील सर्वांत वाईट असल्याचे जाहीरपणे म्हटले. त्याच वर्षी शिक्षकांचा १९ दिवसांचा संप झाला आणि संतापलेले पालक रस्त्यावर आले. त्या चळवळीतून १९८८ चा कायदा निघाला. त्याने प्रत्येक शाळेला एक स्थानिक परिषद दिली: सहा पालक, दोन परिसरातील रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. रचना आपल्या व्यवस्थापन समितीसारखीच, फरक अधिकारांत. मुख्याध्यापकाची निवड ही परिषद करते, त्याचा करार चार वर्षांचा असतो, तो पुढे चालू ठेवावयाचा की नाही हेही तीच ठरविते, आणि शाळेचे अंदाजपत्रक व सुधारणेचा आराखडा तिच्या मंजुरीवाचून पुढे जात नाही. शिवाय गरीब विद्यार्थ्यांसाठी राज्याकडून येणारा निधी गरीब मुलांच्या संख्येच्या प्रमाणात थेट त्या त्या शाळेकडे जावा, अशी तरतूद झाली. आणखी एक बाब मला फार मोलाची वाटते. या परिषदेच्या निवडणुकीत मत देण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही. मूल त्या शाळेत आहे एवढे पुरेसे असते. ज्यांच्या शहरांत दर दहा घरांमागे दोन-चार घरांचे मतदारयादीतील नाव दूरच्या एखाद्या जिल्ह्यात असते, त्या आपल्या लोकांना या तरतुदीचे मर्म समजावून सांगावे लागू नये.

पुढचा इतिहास मात्र सरळ नाही. काही परिषदांनी शाळा उभ्या केल्या, काहींना ते साधले नाही. मतदान पुढे घटत गेले आणि अनेक जागांवर उमेदवार मिळेनात. १९९५ साली नगराच्या मध्यवर्ती मंडळाची नेमणूक महापौरांच्या हाती देण्यात आली, आणि एकमुखी कारभाराने शिस्त येईल असे सांगण्यात आले. २०१३ च्या मे महिन्यात महापौरांनी नेमलेल्या या मंडळाने सुमारे ५० शाळा एकदम बंद करण्यास मंजुरी दिली; त्या प्रामुख्याने नगराच्या दक्षिण व पश्चिम भागांतील कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या होत्या, आणि त्यांचा पट कमी आहे हेच कारण होते. पालक सभांतून आक्रोश करीत होते, पण स्थानिक परिषदांना शाळा बंद होण्यापासून रोखण्याचा अधिकार नव्हता. दोन वर्षांनी, डायेट या माध्यमिक शाळेसाठी पालक आणि कार्यकर्ते ३४ दिवस उपोषणाला बसले, तेव्हा कोठे ती शाळा पुन्हा उघडण्याचे ठरले. या साऱ्या असंतोषातून २०२१ चा कायदा आला; २१ सभासदांचे निवडून दिलेले मंडळ टप्प्याटप्प्याने स्थापन करावयाचे त्याने ठरविले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात त्यातील दहा जागांसाठी पहिली निवडणूक झाली. तिच्यात शिक्षक संघटनेने आणि खाजगी व्यवस्थापनाच्या शाळांच्या पुरस्कर्त्यांनी, दोघांनीही, मोठ्या रकमा ओतल्या.

मध्यवर्ती मंडळ निवडलेले असो वा नेमलेले, पैसा आणि पक्ष यांचा शिरकाव त्यात होतो, हे शिकागोने दाखविले. पुण्यासारख्या शहरांनी ते त्यापूर्वीच दाखविले होते. पण शाळेच्या पातळीवरील पालकांचा अधिकार तेथे तीन दशकांहून अधिक काळ, महापौर आले-गेले तरी, टिकून राहिला. कारण त्याच्या पाठीशी कायदा होता, निधी होता आणि मुख्याध्यापक निवडण्याची खरीखुरी सत्ता होती.

महाराष्ट्रात मुख्याध्यापक निवडण्याची सत्ता पालकांना आज देता येईल असे मला वाटत नाही. सेवाशर्ती, ज्येष्ठता आणि आरक्षण यांची आपली व्यवस्था निराळी आहे आणि तिची कारणे रास्त आहेत. परंतु मुख्याध्यापकाच्या कामाच्या मूल्यमापनात समितीचे मत नोंदविले जावे, यात अडचण कोणती? शाळेच्या इमारतीच्या किरकोळ दुरुस्तीची रक्कम समितीच्या सहीने खर्ची पडावी, यातही नाही. प्रत्येक पालिकेने आपल्या शिक्षणाच्या अंदाजपत्रकाला एक शाळानिहाय पुरवणी जोडावी, जिच्यात त्या शाळेतील मंजूर पदे, भरलेली पदे, शिक्षकांचे वेतन, दुरुस्ती, साहित्य आणि प्रत्येक मुलामागील खर्च मांडलेला असेल, आणि ते पान शाळेच्या दारावर मराठीत व त्या माध्यमाच्या भाषेत लावावे. एवढे एक पान लागले तर मध्यवस्तीतील शाळा आणि खाडीकाठची शाळा यांतील अंतर सर्वांना दिसेल, आणि ते दिसल्यावर झाकणे कठीण जाईल. संचमान्यतेच्या कोष्टकात पटाबरोबर मुलांची गरजही मोजली जावी: पहिल्या पिढीचे शिकणारे, घरची भाषा निराळी असलेले, वर्षाच्या मध्यात गावाहून आलेले. शाळा विलीन करण्यापूर्वी त्या शाळेच्या पालकांची सभा संध्याकाळी किंवा रविवारी घेऊन त्यांची हरकत लेखी नोंदविणे आणि तिला लेखी उत्तर देणे बंधनकारक करावे.

आणि नगराच्या पातळीवर पुन्हा एक मंडळ हवे. पण त्याची घडण जुन्या मंडळाच्या उलट असावी. शाळासमित्यांच्या पालक-सभासदांनी प्रभागवार आपल्यातून प्रतिनिधी निवडावेत, त्यांचे बहुमत मंडळावर असावे, ज्याचे मूल पालिकेच्या शाळेत नाही त्याला त्या जागांसाठी उभे राहता येऊ नये, आणि मूल शाळेतून बाहेर पडले की सभासदत्व संपावे. खरेदी आणि बदल्या मंडळाच्या कक्षेतून पूर्णपणे काढाव्यात; जुन्या मंडळांचा घात याच दोन विषयांनी केला. दिल्लीतील शासकीय शाळांत २०१५ साली शाळा व्यवस्थापन समित्यांच्या निवडणुका पालकांच्या मतदानाने झाल्या, तेव्हा रिक्षा लावून आलेले बाप आणि कडेवर मूल घेतलेल्या आया रांगेत उभ्या राहिल्या होत्या. संधी मिळाली तर माणसे येतात.

अशिक्षित पालकांना अंदाजपत्रकातील काय कळणार, हा आक्षेप सुशिक्षित मंडळी नेहमी घेतात. ज्या बाईला महिन्याच्या बारा हजारांत घरभाडे, भिशी, औषध आणि दोन मुलांच्या शिकवण्या बसवाव्या लागतात, तिला हिशेब कळत नाही असे म्हणणे हा तिचा अपमान आहे. तिला कळत नाही ती लेखाशीर्षांची परिभाषा, आणि ती मराठीत समजावून सांगणे हे पालिकेचे कर्तव्य आहे.

१९६६ च्या अहवालात कोठारी आयोगाने, ज्याचे सचिवपद आपल्या जे. पी. नाईक यांनी सांभाळले होते, परिसरातील सर्व मुले एकाच शाळेत शिकावीत अशी शिफारस केली होती. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर सरकारी पगार घेणाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुले शासकीय प्राथमिक शाळांतच घालावीत, असा आदेश दिला होता. ती शिफारस कागदावर राहिली आणि आदेशाचा अंमल झाला नाही. समाजातील सबळ वर्ग या शाळांत परत येण्याची वाट पाहत बसलो तर आणखी दोन पिढ्या निघून जातील. जे तेथे आहेत त्यांच्याच हातात अधिकार देणे हा आजचा मार्ग आहे.

हा लेख वाचणाऱ्या पुष्कळ घरांत सकाळी भांडी घासावयास येणाऱ्या ताईंचे मूल पालिकेच्या शाळेत शिकत असेल. त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची सभा कधी असते ते त्यांना विचारा, सभेच्या दिवशी त्यांना भरपगारी सुट्टी द्या, आणि तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला एक पत्र लिहून त्या शाळेचा शाळानिहाय जमाखर्च मागा.